निरोध हाच पुरावा? न्यूझीलंडचा देहविक्रय कायदा, एका डॉक्टरच्या नजरेतून

पोलिसांनी एखाद्या मसाज पार्लरवर छापा घातला आणि तिथल्या कपाटात निरोधची पाकिटे सापडली, तर त्यांचा अर्थ काय लावायचा? आरोग्य कर्मचारी म्हणेल, बरे झाले, इथल्या स्त्रिया स्वतःची काळजी घेत आहेत. पोलीस म्हणेल, इथे देहविक्रय चालतो याचा हा पुरावा. १९८० आणि १९९० च्या दशकांत न्यूझीलंडमध्ये नेमकी हीच स्थिती होती. एड्सच्या भीतीमुळे आरोग्य खाते निरोध आणि माहितीपत्रके वाटत होते. त्याच वस्तू पोलीस खटल्यात पुरावा म्हणून वापरू शकत होते. त्यामुळे निरोध जवळ ठेवावा की नाही, हा प्रश्न स्त्रियांना पडत असे.

हा विरोधाभास संपवण्यासाठी न्यूझीलंडने २००३ मध्ये देहविक्रय सुधारणा कायदा केला. आज वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलंड ही राज्ये, युरोपात बेल्जियम असे काही प्रदेश अलीकडे त्याच दिशेने गेले आहेत. म्हणून या कायद्याने आरोग्याच्या बाबतीत काय साधले आणि काय साधले नाही, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. देहविक्रय नैतिक की अनैतिक, हा या लेखाचा विषय नाही. कायद्याचा आजारांवर, हिंसेवर आणि उपचारांवर कसा परिणाम होतो, एवढेच आपण पाहणार आहोत.

२००३ पूर्वी काय होते?

पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा तेव्हाही तिथे थेट गुन्हा नव्हता. पण त्याच्या आजूबाजूची प्रत्येक गोष्ट गुन्हा होती. सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाइकाला विचारणे, कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणे, गिऱ्हाईक मिळवून देणे या सगळ्यासाठी शिक्षा होती. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकावर मात्र गुन्हा दाखल होत नसे.

मसाज पार्लरसाठी १९७८ चा वेगळा कायदा होता. वरवर ही मालिशची केंद्रे, पण आत काय चालते हे सर्वांना ठाऊक होते. देहविक्रयाशी संबंधित किंवा अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या स्त्रीला पार्लरमध्ये काम करता येत नसे. परिणाम असा, की एकदा पकडली गेलेली स्त्री सुरक्षित छपराखालून थेट रस्त्यावर यायची, जिथे धोका सर्वात जास्त.

आरोग्याच्या दृष्टीने सर्वात मोठे नुकसान बोलण्याच्या बंदीमुळे झाले. समोरचा माणूस गिऱ्हाईक आहे की साध्या वेशातला पोलीस, हे ठरवता येत नसेल तर व्यवहाराची भाषा गोलमोल राहते. काय करणार, काय नाही, निरोध वापरणार की नाही, हे आधी स्पष्ट ठरवता येत नाही. मग हा विषय बंद दाराआड, ऐन वेळी निघतो. तेव्हा एकटी स्त्री आणि अनोळखी पुरुष अशा परिस्थितीत कोणाचे चालते, हे सांगायला नको.

कायदा कसा झाला?

१९८७ मध्ये या व्यवसायातील काही स्त्रियांनी न्यूझीलंड प्रॉस्टिट्यूट्स कलेक्टिव्ह ही संघटना सुरू केली. कॅथरीन हीली या तिच्या प्रमुख संस्थापकांपैकी एक. पुढच्याच वर्षी एड्स प्रतिबंधाच्या कामासाठी या संघटनेला सरकारी आरोग्य खात्याकडून निधी मिळू लागला. ज्यांच्यापर्यंत डॉक्टर पोहोचत नव्हते, त्यांच्यापर्यंत त्यांच्याच मैत्रिणी पोहोचू लागल्या.

कायद्यातील बदलाचे विधेयक मजूर पक्षाचे खासदार टिम बार्नेट यांनी पुढे नेले. २५ जून २००३ रोजी अंतिम मतदान झाले. बाजूने ६०, विरोधात ५९ आणि एक खासदार तटस्थ. एका मताने कायदा झाला. या चर्चेत जॉर्जिना बायर यांचे भाषण निर्णायक ठरल्याचे अनेकांनी म्हटले आहे. त्या पारलिंगी होत्या आणि तरुणपणी त्यांनी स्वतः हा व्यवसाय केला होता. २०१८ मध्ये कॅथरीन हीली यांना ‘डेम’ हा सन्मान मिळाला. ज्या कामासाठी पूर्वी पोलीस मागे लागत, त्याच कामातल्या स्त्रियांच्या हक्कांसाठी हा गौरव झाला.

कायद्यात नेमके काय आहे?

कायद्याच्या सुरुवातीलाच म्हटले आहे, की देहविक्रयाला नैतिक मान्यता देण्याचा हेतू नाही. तो गुन्ह्याच्या यादीतून काढणे, त्यातील माणसांचे हक्क व आरोग्य जपणे आणि सार्वजनिक आरोग्य राखणे हा उद्देश आहे. महत्त्वाच्या तरतुदी अशा:

- निरोध दोघांचीही जबाबदारी. शरीरसंबंधात निरोध किंवा तत्सम अडथळा साधन वापरले जावे यासाठी शक्य ते सर्व करणे हे सेवा देणारी व्यक्ती आणि गिऱ्हाईक या दोघांवरही बंधनकारक आहे. मोडल्यास २,००० डॉलरपर्यंत दंड.
- चालकाची वेगळी जबाबदारी. कुंटणखान्याच्या चालकाने सुरक्षित संबंधांना प्रोत्साहन द्यायचे, माहिती पुरवायची. यात कसूर केल्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड.
- नकाराचा हक्क. आधी हो म्हटले असले, करार झाला असला तरी कोणत्याही क्षणी नाही म्हणता येते.
- जबरदस्तीला कडक शिक्षा. धमकी देऊन किंवा फसवून हे काम करायला लावल्यास १४ वर्षांपर्यंत तुरुंगवास.
- १८ वर्षांखालील व्यक्तींना संरक्षण. त्यांच्याकडून सेवा घेणाऱ्याला किंवा त्यांना यात आणणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्या मुलामुलीवर मात्र गुन्हा लागत नाही.
- सरकारी मदत सुरू. एखाद्याने हे काम नाकारले किंवा सोडले, म्हणून बेरोजगार भत्ता थांबवता येत नाही.
- स्वतंत्र काम. चारपर्यंत व्यक्ती एकत्र, स्वतःच्या कमाईवर स्वतःचे नियंत्रण ठेवून काम करू शकतात. त्यासाठी चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही.

शेवटचा मुद्दा साधा वाटतो, पण सुरक्षिततेसाठी मोलाचा आहे. पूर्वी दोन मैत्रिणींनी एक खोली भाड्याने घेतली तरी तो ‘कुंटणखाना’ ठरत असे. आणि एकटे राहिले की मारहाणीचा धोका.

‘रोगमुक्त’ प्रमाणपत्राला बंदी का?

अनेकांना वाटते, की देहविक्रय कायदेशीर करायचा तर प्रत्येक स्त्रीची दर आठवड्याला तपासणी करावी आणि प्रमाणपत्र द्यावे. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात परवानाधारक कुंटणखान्यांमध्ये अशी सक्तीची तपासणी असते. न्यूझीलंडने ती ठेवली नाही. उलट, वैद्यकीय तपासणी झाली आहे म्हणजे अमुक व्यक्तीला संसर्ग नाही, असे सांगणे किंवा सुचवणेच तिथे कायद्याने मना आहे. यामागची वैद्यकीय कारणे समजून घेऊ.

पहिले कारण म्हणजे विंडो पिरियड. जंतू शरीरात शिरल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. एचआयव्हीच्या नव्या पिढीच्या रक्त तपासणीत हा काळ साधारण दीड महिन्यापर्यंत, तर झटपट तपासणीत तीन महिन्यांपर्यंत धरतात. गरमी म्हणजे सिफिलिसच्या बाबतीतही तपासणी निश्चित होण्यास तीन महिने लागू शकतात. या काळात अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो, पण संसर्ग दुसऱ्याला होऊ शकतो.

दुसरे कारण, प्रमाणपत्र हे कालची गोष्ट सांगते. सकाळी रक्त दिले आणि संध्याकाळी संसर्ग झाला, तर हातातल्या कागदाला काही अर्थ राहत नाही.

तिसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. कागद पाहिला की गिऱ्हाईक म्हणतो, मग निरोध कशाला? म्हणजे संरक्षणासाठी काढलेला कागदच संरक्षण काढून घेतो.

चौथे कारण, तपासणी एकाच बाजूची होते. गिऱ्हाइकाला कोणी प्रमाणपत्र मागत नाही, आणि संसर्ग तर दोन्ही दिशांनी होतो. परमा म्हणजे गोनोरियाची लक्षणे स्त्रियांमध्ये पुष्कळदा दिसतच नाहीत. त्यामुळे गिऱ्हाइकाकडून आलेला आजार तिच्यात शांतपणे राहू शकतो आणि पुढे गर्भनलिकांना सूज, वंध्यत्व असे परिणाम होऊ शकतात.

एकाच बाजूला तपासण्याची ही कल्पना जुनी आहे. ब्रिटिश साम्राज्यात सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून १८६० च्या दशकात सांसर्गिक रोग कायदे झाले. हिंदुस्थानात १८६८ मध्ये, न्यूझीलंडमध्ये १८६९ मध्ये. मुंबईतही हा कायदा काही वर्षे लागू होता. त्यात फक्त स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होई, आणि आजारी स्त्रीला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबले जाई. स्त्रिया तपासणी चुकवण्यासाठी लपत आणि पुरुष तपासणीशिवाय फिरत. असे केल्याने रोग आटोक्यात येत नाही.

न्यूझीलंडमध्ये तपासणी आहे, पण ती ऐच्छिक आणि गोपनीय आहे. स्त्री डॉक्टरकडे स्वतःसाठी येते, मालकाला कागद दाखवण्यासाठी नाही. मग ती खरे बोलते. निरोध फाटला, कोणी बळजबरी केली, नशा केली होती, हे सांगते. योग्य उपचारासाठी डॉक्टरला नेमकी हीच माहिती लागते.

काय बदलले?

कायद्याचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या समितीने २००८ मध्ये अहवाल दिला. त्यासाठी क्राइस्टचर्चच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी देहविक्रय करणाऱ्या ७७२ व्यक्तींची पाहणी केली होती.

कायदा सैल केल्यावर देहविक्रय बोकाळेल, ही मोठी भीती होती. ती खरी ठरली नाही. क्राइस्टचर्चमध्ये १९९९ साली अंदाजे ३७५ व्यक्ती या व्यवसायात होत्या, २००६ मध्ये ३९२. संपूर्ण देशाचा समितीचा अंदाज २,३३२ होता.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या कायद्याने एचआयव्ही एकदम कमी झाला, असे म्हणता येत नाही, कारण न्यूझीलंडमधील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण आधीपासूनच फार कमी होते. संघटनेच्या कामामुळे निरोधचा वापरही २००३ पूर्वीच चांगला होता. बदल झाला तो स्त्रीच्या बाजूने कायदा उभा राहिल्यामुळे. पाहणीतील जवळजवळ दोन तृतीयांश व्यक्तींनी सांगितले, की गिऱ्हाइकाला नकार देणे आता सोपे झाले आहे. ‘निरोध नको’ म्हणणाऱ्याला ‘हा कायदाच आहे, नाहीतर दोघांनाही दंड होईल’ असे सांगता येऊ लागले.

न्यायालयांतही हे दिसले. निरोध गुपचूप काढणाऱ्या एका गिऱ्हाइकाला २००५ मध्ये क्राइस्टचर्चमध्ये दंड झाला. २०१४ मध्ये वेलिंग्टनमधील एका स्त्रीला कुंटणखान्याच्या चालकाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल मानवी हक्क न्यायाधिकरणाने २५,००० डॉलरची भरपाई मंजूर केली. हे काम करणाऱ्या स्त्रीचाही छळ होऊ शकतो, हे न्यायाधिकरणाने मान्य केले. २०२१ मध्ये तर, संमती नसताना निरोध काढून संबंध ठेवल्याबद्दल एका गिऱ्हाइकाला बलात्काराच्या गुन्ह्यात पावणेचार वर्षांचा तुरुंगवास झाला. दंडापासून बलात्काराच्या शिक्षेपर्यंतचा हा प्रवास सोळा वर्षांचा आहे. आणि या तिन्ही प्रकरणांत ती स्त्री तक्रार घेऊन पुढे आली, म्हणून ते शक्य झाले. २००३ पूर्वी तक्रार करणे म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करण्यासारखे होते.

इतर देशांतील पुरावा काय सांगतो?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ३३ देशांतील अभ्यास एकत्र पाहिले गेले. पोलिसांची अटक, जप्ती, हुसकावणे अशी कारवाई अनुभवलेल्या व्यक्तींमध्ये लैंगिक किंवा शारीरिक हिंसेची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. एचआयव्ही किंवा इतर लिंगसांसर्गिक आजारांची शक्यता जवळजवळ दुप्पट होती. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात एका न्यायालयीन निकालामुळे २००३ ते २००९ या काळात घरातला, बंद जागेतला देहविक्रय गुन्हा उरला नव्हता. त्या काळात स्त्रियांमधील परम्याच्या नोंदी सुमारे ४० टक्क्यांनी आणि बलात्काराच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे स्कॉट कनिंगहॅम आणि मनीषा शाह या अर्थशास्त्रज्ञांना आढळले.

स्वीडनने मात्र १९९९ मध्ये वेगळा मार्ग घेतला. तिथे विकणारी व्यक्ती गुन्हेगार नाही, पण विकत घेणारा गुन्हेगार आहे. नॉर्वे, फ्रान्स, आयर्लंड यांनी हाच नमुना स्वीकारला. देहविक्रय हा मुळातच स्त्रीवरचा अन्याय आहे, म्हणून मागणी आटवावी, असा त्यामागचा विचार आहे. या विचारातील कळकळ खरी आहे. अडचण अशी, की घाबरलेले गिऱ्हाईक अंधाऱ्या, निर्जन जागेचा आग्रह धरते आणि घाईत सौदा उरकते. स्त्रीला माणूस पारखायला वेळ मिळत नाही. भीती गिऱ्हाइकाला घातली, तरी धोका तिच्याच वाट्याला येतो.

जिथे कायदा पोहोचला नाही

न्यूझीलंडच्या कायद्यातही मोठे भोक आहे. कलम १९ नुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला हे काम करता येत नाही. विद्यार्थी असो, पर्यटक असो की कामाच्या व्हिसावरचा माणूस, असे काम केल्यास व्हिसा रद्द होऊन मायदेशी पाठवले जाऊ शकते. मानवी तस्करी रोखण्यासाठी हे कलम घातले गेले.

त्याचा परिणाम मात्र उलटा होऊ शकतो. ज्या परदेशी स्त्रिया तरीही हे काम करतात, त्यांच्यासाठी २००३ पूर्वीचीच परिस्थिती आहे. चालकाने पैसे बुडवले, गिऱ्हाइकाने मारले, निरोध काढला, तरी पोलिसांकडे जायची भीती. ‘तक्रार केलीस तर तुझा व्हिसा जाईल’ ही धमकी शोषण करणाऱ्याच्या हातात आयती मिळते. डॉक्टरकडे जातानाही नाव सांगावे की नाही, असा प्रश्न पडतो.

रस्त्यावर काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रश्नही सुटलेले नाहीत. समितीच्या अंदाजानुसार त्यांचे प्रमाण एकूण संख्येच्या साधारण एक दशांश होते. त्यांच्यात माओरी स्त्रिया लोकसंख्येच्या मानाने जास्त आहेत. गरिबी, घरातील हिंसा, व्यसन, बेघरपणा ही कारणे कायद्याच्या एका कलमाने जात नाहीत. २००३ नंतरही क्राइस्टचर्चमध्ये अशा स्त्रियांचे खून झाले.

या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या, की निष्कर्ष स्पष्ट होतो. एकाच देशात, एकाच कामात, जिच्या मागची कायद्याची भीती गेली ती स्त्री डॉक्टरकडे आणि न्यायालयात जाऊ शकते. जिची भीती राहिली, ती आजही लपते. आजार दोघींना सारखेच होतात, पण उपचार वेळेवर मिळण्याची शक्यता सारखी नसते.

आपल्याकडे याचा संबंध

भारतात १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार कुंटणखाना चालवणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे इत्यादी गुन्हे आहेत, पण प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. म्हणजे रचना साधारण २००३ पूर्वीच्या न्यूझीलंडसारखी. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात, या व्यक्तींना पोलिसांनी सन्मानाने वागवावे आणि आरोग्यासाठी जवळ ठेवलेले निरोध गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरू नयेत, असेही म्हटले आहे. कपाटातल्या निरोधचा जुना प्रश्न इकडेही होताच.

लक्षात ठेवण्यासारखे

- कोणाचाही ‘निगेटिव्ह’ अहवाल हा निरोधला पर्याय नाही. हे जोडीदार, गिऱ्हाईक, मित्र सर्वांनाच लागू आहे.
- निरोध एचआयव्ही व परम्यापासून उत्तम संरक्षण देतो. नागीण, जननेंद्रियावरचे मस आणि गरमी यांच्यापासून मिळणारे संरक्षण अपुरे असते, कारण हे आजार न झाकलेल्या त्वचेतूनही पसरतात. कावीळ ब आणि एचपीव्ही यांच्या लसी उपलब्ध आहेत.
- निरोध फाटला किंवा बळजबरी झाली, तर लगेच दवाखान्यात जावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे जितक्या लवकर, शक्यतो काही तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत, सुरू होतील तितका उपयोग.
- न्यूझीलंडमध्ये शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांनी कलम १९ ची माहिती ठेवावी. ‘तिथे सगळे कायदेशीर आहे’ असे सांगून कोणी या कामासाठी नेत असेल, तर ती फसवणूक समजावी. आणि तिथे अत्याचार झालाच, तर उपचार आधी घ्यावेत. व्हिसा कोणताही असो, आपत्कालीन मदतीसाठी १११ हा क्रमांक आहे.
- आपल्या दवाखान्यात अशी स्त्री आली, तर डॉक्टरांनी आधी तिची भीती घालवावी. ती खरे बोलली, तरच आपण बरोबर औषध देऊ शकतो.